न दिसणारा दोष : सोलापूरचे यंत्रमाग आणि प्रयोगशाळा

सोलापुरी चादर महाराष्ट्रातील बहुतेक घरांत असते. ती उलटून पाहिली तर एक गंमत दिसते. सुलट बाजूला लाल जमिनीवर पांढरा मोर असेल, तर उलट बाजूला पांढऱ्या जमिनीवर लाल मोर असतो. छापील कापडात असे होत नाही. येथे नक्षी वरून दिलेली नसते; विणतानाच दोन रंगांचे धागे ठरल्या जागी आपली बाजू बदलतात. सोलापूरच्या चादरीला आणि टर्किश टॉवेलला २००५ च्या सुमारास भौगोलिक मानांकन मिळाले, तेव्हा या कौशल्याची सरकारदरबारी नोंद झाली.

पण हा माल ज्या कारखान्यांत होतो त्यांतले बरेचसे लहान आहेत. शहराच्या पूर्व भागात फिरले, तर एका पत्र्याच्या छपराखाली आठ, बारा, चोवीस माग एवढाच पसारा अनेक ठिकाणी दिसतो. मालक स्वतः सूत आणतो, पगार वाटतो आणि माग अडला तर बाह्या सारून तेलात हातही घालतो. त्याच्याकडे प्रयोगशाळा नसते, रसायनशास्त्रज्ञ नसतो आणि संशोधनासाठी बाजूला ठेवलेले पैसेही नसतात. तरीसुद्धा या धंद्याने हातमागापासून यंत्रमागापर्यंत, साध्या विणीपासून जॅकार्डपर्यंत आणि चादरीपासून निर्यातीच्या टॉवेलपर्यंत मजल मारली. लागणारे ज्ञान त्याच्यापर्यंत कोणत्या वाटेने आले? त्यातले काही सहज आले आणि काही वाटेतच अडले. ते का अडले, हे पाहण्यासारखे आहे.

गिरणीच्या आतले शहाणपण

सोलापुरात गिरणी येण्याआधीपासून हातमाग होते. तेलंगणातून आलेल्या पद्मशाली विणकरांची मोठी वस्ती येथे झाली. १८७४ मध्ये मुंबईचे मोरारजी गोकुळदास यांनी सोलापूर स्पिनिंग अँड वीव्हिंग कंपनी काढली आणि १८७७ मध्ये गिरणी सुरू झाली. हीच ती ‘जुनी मिल’. पुढे लक्ष्मी, विष्णू, नरसिंग गिरजी अशा गिरण्या उभ्या राहिल्या आणि सोलापूर हे गिरणगाव झाले.

गिरणी मोठी असल्याने तिला तज्ज्ञ माणसे ठेवता येत. सूतखात्याला वेगळा मास्तर, विणाईला वेगळा, रंगाला वेगळा. मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये (स्थापना १८८७) शिकलेली मंडळी अशा जागांवर जात. त्यांच्या हाताखाली जॉबर असत. मागाचा आवाज ऐकून कुठे काय ढिले झाले ते सांगणारी ही माणसे. सूत तपासण्याची साधी उपकरणेही गिरणीत असत. म्हणजे ज्ञान होते, पण ते गिरणीच्या भिंतींच्या आत होते, आणि गिरणीचा कारभार कोलमडला की तेही संपे. जुन्या मिलचे तेच झाले. गैरव्यवस्थेमुळे ती ऑगस्ट १९४९ मध्ये बंद पडली. हजारो कामगारांचा प्रश्न असल्याने जानेवारी १९५० मध्ये केंद्र सरकारने वटहुकूम काढून ती ताब्यात घेतली आणि त्याच वर्षी तसा कायदाही झाला. भारतीय राज्यघटना अमलात आल्यावर मालमत्तेच्या हक्काबद्दल सर्वोच्च न्यायालयापुढे जे पहिले महत्त्वाचे खटले चालले, त्यांत या गिरणीचे खटले आहेत. नागरिकशास्त्राच्या शिक्षकांनी जरूर पाहावेत.

सगळ्यांनी मिळून एक प्रयोगशाळा

एका गिरणीला न परवडणारे संशोधन अनेकांनी वर्गणी काढून करावे, ही कल्पना पहिल्या महायुद्धातून आली. युद्ध सुरू झाले तेव्हा ब्रिटनच्या लक्षात आले, की आपल्या सैनिकांच्या गणवेशाला लागणारे रंगसुद्धा जर्मनीतून येतात! १९१६ मध्ये ब्रिटिश सरकारने शास्त्रीय व औद्योगिक संशोधनाचे स्वतंत्र खाते काढले आणि पुढच्याच वर्षी १० लाख पौंडांचा निधी बाजूला ठेवला. एखाद्या धंद्यातले कारखानदार एकत्र येऊन संशोधन मंडळ काढणार असतील, तर सरकारही आपला वाटा घालणार, अशी ही योजना होती. तिच्यातून १९१९ मध्ये कापूस उद्योगाचे संशोधन मंडळ निघाले. मँचेस्टरजवळ डिड्सबरी येथे त्याची प्रयोगशाळा झाली. इमारतीसाठी मोठी देणगी देणाऱ्या गृहस्थांनी तिला आपल्या मुलीचे नाव द्यायला सांगितले, म्हणून ती ‘शर्ली इन्स्टिट्यूट’. कापड तपासण्याच्या अनेक उपकरणांना आजही शर्ली हे नाव आहे.

तेथे काय काम चाले, याचे एक उदाहरण वर्गात करून पाहण्याजोगे आहे. १९२६ मध्ये पिअर्स या शास्त्रज्ञाने सुताच्या ताकदीचा गणिती विचार मांडला. साखळी तिच्या सर्वांत कच्च्या कडीइतकीच मजबूत असते, धाग्याचेही तसेच. मग धाग्याचा तुकडा जितका लांब, तितकी त्यात एखादी फार कच्ची जागा असण्याची शक्यता जास्त, म्हणून लांब तुकडे सरासरीने कमी वजनाला तुटतात. एकाच रिळातले १० सेंटिमीटरचे वीस आणि १ मीटरचे वीस तुकडे घ्या, प्रत्येकाला वजने टांगत जा आणि तुटतानाचे वजन लिहा. फरक दिसेल. मागावर या गोष्टीला फार महत्त्व आहे, कारण तेथे हजारो उभे धागे एकाच वेळी ताणलेले असतात आणि त्यांतला एक तुटला तरी कापडात दोष येतो किंवा माग थांबवावा लागतो. सरासरी ताकद चांगली असून भागत नाही, ताकदीतला चढउतार कमी असावा लागतो. विणण्यापूर्वी उभ्या सुताला खळ देतात ती यासाठीच.

भारतात हीच कल्पना स्वातंत्र्याच्या सुमारास रुजली. १९४७ मध्ये अहमदाबादच्या गिरण्यांनी ‘अटिरा’ काढली. तिची उभारणी करणारे विक्रम साराभाई तेव्हा २८ वर्षांचे होते आणि त्यांचा अभ्यास विश्वकिरणांचा होता, कापडाचा नव्हे. १९५० मध्ये मुंबईत ‘सस्मिरा’, १९५४ मध्ये ‘बिट्रा’ म्हणजे बॉम्बे टेक्स्टाइल रिसर्च असोसिएशन, १९५६ मध्ये कोइमतूरला ‘सिट्रा’. या संस्थांनी गिरण्यांना मोजायची सवय लावली. हवेतली आर्द्रता, सुताची तुटातूट, खळीचे प्रमाण, वाया जाणारा कापूस, अशा गोष्टी अंदाजाऐवजी आकड्यांवर आल्या.

ही सारी रचना उभी होती ती वर्गणी भरू शकणाऱ्या, अहवाल वाचू शकणाऱ्या आणि संस्थेच्या तज्ज्ञाशी त्याच्या भाषेत बोलणारा मास्तर पदरी असणाऱ्या गिरणीवर. आणि नेमक्या याच काळात कापड गिरणीतून बाहेर पडत होते. सोलापूरची जुनी मिल १९६० च्या दशकात कायमची बंद झाली. विसावे शतक संपेपर्यंत शहरातल्या इतर मोठ्या गिरण्याही एकामागून एक थांबल्या. त्यांची जागा शेकडो लहान यंत्रमाग कारखान्यांनी घेतली. संशोधन संस्थेचे सभासद कमी होत गेले, आणि ज्यांना तिची खरी गरज होती ते तिच्या पायरीपर्यंत पोचत नव्हते.

डोळ्यांना दिसणारे तंत्र

म्हणून लहान कारखानदार अडून बसला असे मात्र नाही. जे तंत्र डोळ्यांना दिसते ते त्याने उचलले.

जॅकार्ड हे याचे उत्तम उदाहरण. फ्रान्समधल्या लिआँ शहरात १८०४ च्या सुमारास जोसेफ मारी जॅकार्डने ही यंत्रणा सिद्ध केली. मागाच्या डोक्यावर पुठ्ठ्याच्या पट्ट्यांची माळ फिरते. पट्टीत भोके असतात. भोक असेल तेथे सुई आत जाते आणि तिच्याशी जोडलेला उभा धागा वर उचलला जातो. भोक नसेल तेथे धागा खालीच राहतो. मग वर-खाली झालेल्या धाग्यांच्या मधून धोटा आडवा धागा घेऊन जातो. एका आडव्या धाग्याला एक पट्टी. मोराच्या पिसाऱ्याला किती पट्ट्या लागत असतील याची कल्पना करा! नक्षी आधी चौकटीच्या कागदावर चितारायची, एकेक चौकोन मोजत पट्टीवर भोके पाडायची आणि पट्ट्या क्रमाने शिवून माळ करायची. ‘भोक आहे’ किंवा ‘भोक नाही’ एवढ्या दोनच अक्षरांची ही लिपी पुढे गणकयंत्रांनी उसनी घेतली, हे आपल्या वाचकांना ठाऊक असेलच.

या शोधाच्या इतिहासातली एक बाब सहसा सांगितली जात नाही. १८०६ मध्ये फ्रेंच सरकारने हा माग सार्वजनिक मालमत्ता म्हणून जाहीर केला. जॅकार्डला निवृत्तिवेतन आणि प्रत्येक यंत्रामागे ठरावीक रक्कम मिळाली. विणकरांनी आधी विरोध केला, तरी १८१२ पर्यंत फ्रान्समध्ये असे ११,००० माग चालू झाले होते. लिआँचा रेशीम धंदा लहान लहान घरगुती कारखान्यांचा होता. शोध एकाच्या कुलुपात राहिला असता, तर तो त्यांच्यापर्यंत इतक्या लवकर पोचला नसता.

सोलापुरात जॅकार्ड पसरले ते हाताहातांतून. शेजारच्या कारखान्यात काय चालले आहे ते पाहता येते. फिटर एका कारखान्यातून दुसऱ्यात जातो तेव्हा त्याचे कसबही सोबत जाते. पट्ट्या पाडून देणारा कारागीर दहा जणांचे काम करतो आणि दहा जणांच्या खोड्या ओळखतो. इंग्लिश अर्थशास्त्रज्ञ आल्फ्रेड मार्शल याने १८९० मध्ये नोंदवले होते, की एकच धंदा एका गावात दाटीने वसला की त्यातली गुपिते गुपिते राहत नाहीत, मुले ती नकळत शिकतात. पूर्व भागात वाढलेल्या मुलाला हे वेगळे सांगावे लागत नाही.

टर्किश टॉवेलचेही असेच. तुर्कस्तानात हाताने विणला जाणारा फासेदार टॉवेल इंग्लंडमध्ये सॅम्युएल होल्टने यंत्रावर आणला आणि तो १८५१ च्या लंडनच्या प्रदर्शनात मांडला गेला. त्यातली युक्ती मोठी सुरेख आहे. मागावर उभ्या धाग्यांचे दोन बीम असतात. एकावरचे धागे घट्ट ताणलेले, दुसऱ्यावरचे सैल. पहिले दोन आडवे धागे फणी पूर्ण पुढे न ठोकता थोडे अलीकडेच सोडते. तिसऱ्याला ती जोरात पुढे येते आणि तिन्ही धागे एकदम सरकवते. घट्ट धागे जागचे हलत नाहीत. सैल धागे मात्र सोबत ओढले जातात आणि त्यांना जागा न उरल्याने वर-खाली फासे उभे राहतात. फणी जितकी अलीकडे थांबेल तितका फासा उंच. जुन्या टॉवेलची कड उसवून पाहा. लांबट, नागमोडी झालेला धागा आणि आखूड सरळ धागा असे दोन प्रकार हाती येतील.

साध्या मागाला फणी मागे-पुढे थांबवणारी जोडणी बसवली की तो टॉवेलचा माग होऊ शकतो. यासाठी लागते ते कुशल हात, लेथ आणि चुका करून पाहण्याची तयारी. चूक झाली तर ती समोर कापडावर दिसते. फासे लहान-मोठे आले, धागा तुटला, कड वाकडी गेली. दोष दिसतो म्हणून तो दुरुस्त करता येतो.

तीस मिलिग्रॅमचा धडा

१९९० च्या दशकात या कारखानदारांपुढे वेगळ्याच जातीचा दोष आला. तो डोळ्यांना दिसत नव्हता, हाताला लागत नव्हता आणि शेजाऱ्याकडे पाहून कळतही नव्हता.

सुती धागा रंगवणे पूर्वी किचकट होते. आधी तुरटीसारखा पदार्थ द्यावा लागे, मगच रंग बसे. १८८४ मध्ये जर्मनीत काँगो रेड हा रंग निघाला, तो अशा मदतीशिवाय सरळ सुतावर बसणारा पहिला कृत्रिम रंग होता. तो बेन्झिडीन या पदार्थापासून बनवत. पुढे असे शेकडो स्वस्त रंग निघाले. यांना ॲझो रंग म्हणतात, कारण त्यांच्या रेणूत नायट्रोजनच्या दोन अणूंचा दुहेरी पूल असतो. क्षपण झाले की हा पूल तुटतो आणि दोन बाजूंना ॲमीन जातीचे रेणू उरतात. काही ॲमीन निरुपद्रवी, काही मात्र कर्करोगाला कारण होणारे. रंग कारखान्यातल्या कामगारांना मूत्राशयाचा कर्करोग होतो, हे फ्रँकफर्टचे शल्यचिकित्सक लुडविग रेन यांनी १८९५ मध्येच दाखवले होते. बेन्झिडीन हा अशांतला कुप्रसिद्ध पदार्थ. पूल तुटण्याचे काम आपल्या आतड्यातले व त्वचेवरचे जिवाणू आणि यकृतही करू शकतात, म्हणून अंगाला लागणाऱ्या कपड्याचा प्रश्न आला.

जुलै १९९४ मध्ये जर्मनीने नियम केला : ज्या रंगांतून ठरावीक २० ॲमीनपैकी एखादा सुटू शकतो, ते अंगाशी येणाऱ्या कापडात नकोत. मर्यादा किलोमागे ३० मिलिग्रॅम. नियम १९९६ पासून अमलात आला. २००२ मध्ये युरोपीय संघाने तोच सर्वत्र लागू केला आणि यादीत २२ ॲमीन धरले. भारतानेही बेन्झिडीनपासून होणाऱ्या ४२ रंगांवर १९९३ पासून आणि आणखी ७० ॲझो रंगांवर १९९७ मध्ये बंदी घातली.

अर्धा किलोच्या टॉवेलमध्ये ही मर्यादा भरते १५ मिलिग्रॅम. चिमूटभर मिठाच्याही कितीतरी कमी. ती तपासायची कशी? कापडाचे तुकडे आम्लधर्मी द्रावणात ७० अंश सेल्सिअसला ठेवून त्यात सोडियम डायथायोनाइट घालतात. त्याने ॲझो पूल तुटतो. सुटलेले ॲमीन विद्रावकात ओढून घेतात आणि वायुवर्णलेखन किंवा द्रववर्णलेखन यंत्राने ओळखून मोजतात. हे यंत्र आठ मागांच्या कारखानदाराने घ्यावे, ही अपेक्षाच हास्यास्पद ठरेल.

अडचण यंत्रापुरती नव्हती. लहान कारखान्यांच्या गावात काम वाटलेले असते. सूत एकाचे, रंगवणारा दुसरा, बीम भरून देणारा तिसरा, विणणारा चौथा, परदेशी गिऱ्हाइकाशी बोलणारा पाचवा. माल नापास झाला तर दोष कोणत्या टप्प्यावर शिरला? विणणाऱ्याला रंग माहीत नाही. रंगवणाऱ्याला डब्यावरचे व्यापारी नाव माहीत, आतले रसायन नाही. भारतात सुतासाठी नॅफ्थॉल रंग खूप वापरले जात. त्यांत सुतावरच रंग तयार करण्यासाठी एक ‘बेस’ लागतो. फास्ट गार्नेट जीबीसी आणि फास्ट स्कार्लेट जी हे दोन बेस तर स्वतःच त्या यादीतले ॲमीन आहेत. वर्षानुवर्षे विश्वासाने वापरलेला डबा घातक निघाला, हे कारागिराच्या अनुभवातून त्याला कधीच कळले नसते. आणि रोज उघड्या हातांनी तो ढवळणारा माणूस टॉवेल पुसणाऱ्यापेक्षा कितीतरी जास्त धोक्यात होता. नियम गिऱ्हाइकासाठी झाला. रंगवणाऱ्याच्या वाट्याला त्याचा लाभ आला तो ओघाने, हे मला नोंदवावेसे वाटते.

येथे प्रयोगशाळेला कारखान्याकडे यावे लागले. नव्वदीच्या दशकात वस्त्रोद्योग संशोधन संस्थांत आणि टेक्स्टाइल कमिटीच्या प्रयोगशाळांत अशा चाचण्यांची सोय उभी राहिली. वस्त्रोद्योग आयुक्तांच्या योजनेतील यंत्रमाग सेवा केंद्रे देशभरच्या यंत्रमाग गावांत आहेत, सोलापुरातही आहे. त्यांतली बरीच केंद्रे संशोधन संस्थाच चालवतात. सूत आणि कापड तपासून देणे, मागावरच्या कामगारांना शिकवणे, साध्या मागाला धागा तुटताच थांबणारी जोडणी बसवण्याचा सल्ला देणे, अशी ही कामे. मुंबईच्या संस्थेने सभासदांची वाट पाहावी, ही जुनी पद्धत त्यामुळे थोडी तरी उलटली.

थोडी तरी असे म्हणतो, कारण चाचणी ही भागीदारीची पहिली पायरी आहे. नमुना पास की नापास एवढे कळते. नापास झाला तर त्याच छटेचा, त्याच किमतीच्या जवळपासचा, सोलापूरच्या जड पाण्यात नीट बसणारा दुसरा रंग कोणता, या प्रश्नाचे उत्तर अहवालात नसते. त्यासाठी तज्ज्ञाने रंगाच्या हौदापाशी उभे राहावे लागते. अनेकदा हे काम रंग विकणाऱ्या कंपनीचा प्रतिनिधीच करतो. तो जाणकार असतो, पण सांगतो आपल्याच कंपनीचा रंग.

शेजारच्या इचलकरंजीत वेगळी वाट निघाली. तेथे १९०४ मध्ये विठ्ठलराव दातारांनी पहिला यंत्रमाग बसवला आणि १९८२ मध्ये त्याच गावात वस्त्रोद्योगाचे अभियांत्रिकी महाविद्यालय सुरू झाले. यंत्रमागाच्या आवाजात वाढलेली मुले त्याच गावात कापडाचे शास्त्र शिकू लागली. सोलापुरात शासकीय तंत्रनिकेतन आहे, १९८३ पासून वालचंद अभियांत्रिकी महाविद्यालय आहे, २००४ पासून विद्यापीठही आहे. माझ्या मते सोलापूरची गरज आणखी एका यंत्रापेक्षा अशा माणसाची जास्त आहे, जो सकाळी कारखान्यात आणि दुपारी प्रयोगशाळेत असेल. १९९९ पासून केंद्राच्या योजनेतून नव्या मागांसाठी कर्जाच्या व्याजात सवलत मिळाली. त्यातून यंत्रे आली. माणूस घडवण्याची योजना इतकी सोपी नसते.

जाता जाता शाळेतल्या कपाटाकडे एकदा पाहावे. काँगो रेडची बाटली दर्शक म्हणून अनेक जुन्या प्रयोगशाळांत असते. तो बेन्झिडीनपासूनच बनलेला रंग आहे. त्याची पूड उडू देऊ नये, मुलांच्या हाती देऊ नये. ३ ते ५ सामूच्या पट्ट्यात दर्शक हवा असेल, तर ब्रोमोफिनॉल ब्लू चालतो. त्याच्या रेणूत ॲझो पूल नाही.